मधलं नाव : मिलिंद

आमच्या वर्गाच्या हजेरीपटावर तीन जणांचं मधलं नाव 'मिलिंद' आहे. आडनावं वेगळी, पत्ते वेगळे. एक गिरगावातला, दुसरा लालबागचा आणि तिसरा मी, नायगावच्या बीडीडी चाळीतला. आपल्याकडे मधलं नाव म्हणजे बाबांचं नाव. त्यामुळे आमच्या वयाच्या पोरांत मिलिंद आता क्वचितच सापडत असला, तरी हजेरीपटाच्या मधल्या रकान्यात तो अजून ठाण मांडून बसलाय.

पहिल्या वर्षी एका सरांनी सहज विचारलं, "मिलिंद म्हणजे काय रे?" गिरगावकर म्हणाला, "भुंगा, सर." मी म्हणालो, "राजा, सर. ग्रीक राजा." लालबागकर म्हणाला, "नाव आहे, सर." सगळ्यात जास्त हशा त्याला मिळाला. (पुढे वाचाल तर कळेल की तिघांत सगळ्यात खोल उत्तर त्याचंच होतं, त्याला स्वतःला ते माहीत नव्हतं एवढंच.)

तेव्हापासून हे नाव डोक्यात बसलं. सबमिशनच्या फायली तुंबलेल्या असताना मी पाली शब्दकोश चाळत होतो हे घरी कळलं असतं तर काय झालं असतं ते सांगायला नको! पण जे हाती लागलं ते इतकं मजेदार आहे की ते मासिकाच्या पानांवर मांडल्याशिवाय राहवत नाही. भाषाशास्त्र म्हणजे कंटाळा, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे एक प्रकारचं रिव्हर्स इंजिनिअरिंग समजून वाचावं. तयार पार्ट हातात आहे, तो कुठल्या कच्च्या मालापासून आणि कुठल्या प्रोसेसने बनला ते शोधायचं आहे.

कच्चा माल ग्रीक आहे. मूळ नाव 'मेनान्द्रोस'. इंग्रजी पुस्तकांत तोच 'मिनँडर' होतो. या नावाचे दोन तुकडे पडतात. पहिला 'मेनो', म्हणजे थांबणे, टिकून राहणे, पाय रोवून उभे राहणे. दुसरा 'आन्द्रोस', हे 'आनेर' म्हणजे माणूस, पुरुष, या शब्दाचं षष्ठीचं रूप. एकत्र अर्थ लावायचा तर 'ठामपणे उभा राहणारा पुरुष', मागे न हटणारा. हा दुसरा तुकडा ग्रीक नावांत जागोजागी भेटतो. अलेक्झांडर म्हणजे 'माणसांचं रक्षण करणारा', लिअँडर म्हणजे 'सिंहासारखा पुरुष', आणि अँड्र्यू म्हणजे नुसताच 'मर्द'. आपला टेनिसवाला लिअँडर पेस आणि माझे बाबा नावाच्या बाबतीत असे भाऊबंद निघतात.

आता 'आनेर' हा शब्द आपल्याला परका नाही. संस्कृतातला 'नृ', 'नर' हा त्याचाच सख्खा भाऊ. नृपती, नरेश, नरेंद्र यांतला माणूस आणि मेनान्द्रोसमधला माणूस एकाच आजीची नातवंडं. मग ग्रीकमध्ये मधेच 'द' कुठून आला? 'आनेर'ची षष्ठी करताना 'न' आणि 'र' एकमेकांना चिकटले. 'न्र' हा उच्चार करून पाहा. जीभ अडखळते आणि नकळत मधे एक 'द' घुसतो. हे फक्त ग्रीक लोकांचंच होतं असं नाही. संस्कृत 'वानर' आपल्या तोंडी 'वांदर' झाला तो याच कारणाने. म्हणजे मिलिंदमधला शेवटचा 'द' हा मुळात अर्थाचा भागच नाही, दोन पार्टांमध्ये बसवलेला वॉशर आहे.

पहिल्या तुकड्याचे नातेवाईकही ओळखीचे आहेत. 'मेनो'चा लॅटिन भाऊ 'मानेरे', आणि त्याच्यापासून इंग्रजीत आलेला 'पर्मनंट'. हा शब्द आमच्या भागात वेगळाच वजनदार आहे. परळ, लालबाग, नायगावच्या गिरणी कामगारांत माणसाच्या दोन जाती असायच्या, बदली आणि पर्मनंट. बदलीवाला रोज सकाळी गिरणीच्या गेटवर जाऊन उभा राहायचा, कुणी गैरहजर असला तर त्याच्या जागी काम. माझे आजोबा रिंग खात्यात कित्येक वर्षं बदली होते. बाबांचा जन्म १९७० चा, आणि आजी सांगते त्याप्रमाणे आजोबा त्यानंतरच पर्मनंट झाले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्या पर्मनंटला काय अर्थ उरला ते या भागातल्या घराघरात ठाऊक आहे. ज्याचा अर्थ 'टिकून राहणारा' असं नाव मुलाला देणाऱ्या माणसाला त्या नावाचा हा अर्थ माहीत नव्हता. त्यांना दुसराच माहीत होता, तो पुढे येईल.

हे नाव भारतात आलं ते एका राजाबरोबर. अलेक्झांडर परत गेल्यावर त्याच्या मागे राहिलेल्या ग्रीकांची राज्यं बॅक्ट्रियात, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानच्या उत्तर भागात, उभी राहिली. तिथून त्यांनी हिंदुकुश ओलांडला. त्या इंडो-ग्रीक राजांपैकी सगळ्यात नावाजलेला मिनँडर, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या मध्याला पंजाबात राज्य करत होता. राजधानी सागल, म्हणजे आजचं पाकिस्तानातलं सियालकोट. त्याची नाणी ढिगांनी सापडली आहेत. एका बाजूला राजाचं डोकं आणि ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला बहुतेक वेळा अथेना देवी आणि खरोष्ठी लिपीतला प्राकृत मजकूर. आपल्या स्टेशनवरच्या पाट्यांवर 'दादर' जसं एकाहून जास्त लिप्यांत असतं, तसंच. ज्याला जे वाचता येतं त्याने ते वाचावं. ग्रीक बाजू म्हणते, त्रात्या राजा मेनान्द्रोसचं. खरोष्ठी बाजू तेच म्हणते आणि तिथे नाव येतं 'मेनंद्रस'. हा शेवटचा 'स' म्हणजे षष्ठीचा प्रत्यय, संस्कृत 'स्य'चा धाकटा. तो काढला की उरतं 'मेनंद्र'.

ही नाणी किती फिरली याचा एक पुरावा आपल्या जवळपासचाच आहे. 'पेरिप्लस' नावाचं पहिल्या शतकातलं, एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहिलेलं बंदरांचं गाईड आहे. त्यात तो लिहितो की भडोचच्या बाजारात मिनँडरची जुनी नाणी अजून चालतात. राजा जाऊन तेव्हा दोनशेच्या आसपास वर्षं झाली होती! त्याच पुस्तकात सोपारा आणि कल्याणही आहेत. म्हणजे वेस्टर्न आणि सेंट्रल दोन्ही लाईनी कव्हर झाल्या.

आता प्रोसेसकडे येऊ. मेनंद्र ते मिलिंद हा प्रवास पहिल्यांदा ऐकला की थाप वाटते. 'म' सोडून काहीच जुळत नाही. पण एकेक पायरी सुटी करून पाहिली तर प्रत्येक पायरी आपल्या रोजच्या मराठीत सापडते.

सोपी पायरी आधी. पालीत 'द्र'मधला 'र' गळतो. इंद्रचा 'इंद', चंद्रचा 'चंद'. आपल्याकडे निद्राची नीद आणि हरिद्राची हळद झाली ती याच वाटेने. नाशिकच्या पांडवलेण्यात एका यवनाचा, म्हणजे ग्रीकाचा, दानलेख आहे. दात्याचं नाव इंद्राग्निदत्त, बापाचं नाव धम्मदेव. खोदणाऱ्याने ते कोरलंय 'इदाग्निदत' असं. म्हणजे 'द्र'चा 'द' करणारे कारागीर आपल्या सह्याद्रीतही होते.

दुसरी पायरी, 'न'चा 'ल'. इथे बरेच लोक शंका घेतात. त्यांनी स्वयंपाकघरात जावं. संस्कृत 'निंब' मराठीत 'लिंब' झालं, म्हणून कडुलिंब. संस्कृत 'नवनीत' मराठीत 'लोणी' झालं. उलटही होतं : संस्कृत 'लांगल' आपला 'नांगर' झाला, आणि 'ललाट' म्हणजे कपाळ, त्याचं झालं 'निढळ', ज्याचा घाम आपण गाळतो. आमच्या चाळीतल्या म्हाताऱ्यांना विचारा, पाण्याच्या नळावर कुणी नंबर लावत नाही, 'लंबर' लावतात. आणि झालं तर 'लुकसान' होतं. न आणि ल दोघांनाही जिभेचं टोक दातांमागे त्याच जागी टेकवावं लागतं. फरक फक्त हवा नाकातून सोडायची की बाजूने, एवढाच. त्यात मेनंद्रमध्ये अनुनासिकं दोन, म आणि न, शिवाय पुढे अनुस्वार. तीन नाकातले आवाज ओळीने आले की जीभ एखाद्याला सुट्टी देते.

तिसरी पायरी मला सगळ्यात जास्त आवडली. 'मेलंद' न होता 'मिलिंद' का झालं? कारण ऐकणाऱ्याचा कान अनोळखी शब्दात ओळखीचं काहीतरी शोधतो. राजाच्या नावाच्या शेवटी काय असतं? इंद्र! महेंद्र, नरेंद्र, देवेंद्र. पालीत महिंद, नरिंद, देविंद. मग या परक्या राजाच्या नावाचं शेपूटही 'इंद' करून टाकलं, आणि त्या 'इ'ने मागच्या 'मे'ला खेचून 'मि' केलं. हा खेळ पुढेही चालू राहिला. अकराव्या शतकात काश्मिरी पंडित क्षेमेंद्राने संस्कृतात हाच राजा आणला तेव्हा त्याने नाव लिहिलं 'मिलिंद्र'. पालीत गळलेला 'र' त्याने परत बसवला, जणू इंद्र तिथे पहिल्यापासून होताच! अगदी अलीकडे संस्कृतप्रेमी लेखकांनी अलेक्झांडरला 'अलक्षेंद्र' केलं, तोच प्रकार. खरं तर अशोकाच्या तेराव्या शिलालेखात दुसऱ्या एका अलेक्झांडरचं नाव 'अलिकसुंदर'सारखं आलंय, तिथे कानाला सुंदर सापडला. अरबांना सुरुवातीचा 'अल' हा आपल्या भाषेतला उपपद वाटला, तो त्यांनी सुटा केला, 'क्स'चा 'स्क' केला आणि उरला इस्कंदर. त्याचा आपला सिकंदर.

हसू नका. आपणही हेच करतो. डिलाईल रोड आणि करी रोड कुठल्या साहेबांची नावं आहेत हे न विचारता आपण ती मराठी करून टाकली. एल्फिन्स्टनमधला एक 'न' तर २०१८ साली स्टेशनचं नाव प्रभादेवी होण्याच्या कितीतरी आधीच प्रवाशांनी काढून टाकला होता.

बाकी रूपं थोडक्यात सांगतो. पेशावरच्या उत्तरेला बाजौर भागात सापडलेल्या एका करंडकावर खरोष्ठीत 'मिनेद्र' असं वाचलं जातं, म्हणजे 'मे'चा 'मि' इथे झालेला दिसतो, पण 'न' अजून जागेवर आहे. चिनी भाषांतरात हा राजा 'मिलान' आहे. आधुनिक ग्रीकमध्ये मेनंद्रोस, फ्रेंचमध्ये मेनांद्र, इटालियन-स्पॅनिशमध्ये मेनांद्रो. श्रीलंकेत पालीतलं रूप जसंच्या तसं राहिलं, मिलिंदा. क्रिकेट बघणाऱ्यांना ऑलराउंडर मिलिंदा सिरिवर्धना आठवत असेल. आणि मुंबईत, अर्थातच, 'मिल्या'. आपण हाक मारताना 'मिलिंदा!' म्हणतो, मेनान्द्रोसला ग्रीक लोक 'मेनान्द्रे!' म्हणायचे. संबोधनाला वेगळं रूप ठेवण्याची खोड दोन्हीकडे.

मग गिरगावकराचा भुंगा? तोही खरा आहे. संस्कृतात 'मिलिंद' म्हणजे भ्रमर. मित्राची आजी शाळेत संस्कृत शिकवायची, तिने मुलाचं नाव ठेवलं ते या अर्थाने. फुलांना भेटत, म्हणजे 'मिलत', फिरणारा तो मिलिंद, असं ती सांगते. तिच्याकडूनच मला भुंग्याचे आणखी पत्ते मिळाले : अली, भृंग, मधुकर, षट्पद, आणि सगळ्यात हुशार 'द्विरेफ', कारण 'भ्रमर' शब्दात दोन 'र' आहेत. (हे असलं नाव एखाद्या प्रोग्रॅमरनेच ठेवलेलं असणार.) या भुंग्याचा आणि त्या राजाचा काही संबंध नाही. दोन वेगळे शब्द, योगायोगाने एकाच उच्चारावर येऊन थांबलेले, जसं आपल्या 'कर'चा अर्थ हात आणि टॅक्स दोन्ही.

इथे मी एका मोहात पडलो होतो. ग्रीकमध्ये मधमाशीला 'मेलिसा' म्हणतात. मुलींचं मेलिसा हे नाव त्यावरूनच. मेलिसा, मिलिंद, दोन्ही भुणभुणणारे! मित्राच्या आजीला फोन करायला हात शिवशिवत होते. पण मेलिसातला 'मेलि' म्हणजे मध, आणि त्या 'मेलि'चा संस्कृत 'मधु'शी किंवा 'मिल्'शी सांधा जुळवून देणारा कुठलाही नियम नाही. मेनंद्र आणि मिलिंद ऐकायला लांबचे, पण प्रत्येक पायरीला दुसरी दहा उदाहरणं आहेत. मेलिसा आणि मिलिंद ऐकायला शेजारी, पण मधे एकही पायरी नाही. आवाज सारखा आला म्हणून सर्किट जुळलं असं होत नाही. इंटरनेटवर नावांचे अर्थ सांगणारे जे तक्ते फिरत असतात त्यांतले निम्मे या एका चाळणीत गळतील.

आता आजोबांच्या अर्थाकडे. मिनँडर जगात नाण्यांमुळे राहिला, पण आपल्याकडे राहिला तो एका पुस्तकामुळे, 'मिलिंदपञ्ह', म्हणजे मिलिंदाचे प्रश्न. हा पाली ग्रंथ. मिलिंद राजा आणि नागसेन भिक्खू यांचा संवाद. ब्रह्मदेशात तो थेट त्रिपिटकात धरला जातो. व्ही. ट्रेंकनरने १८८० साली तो रोमन लिपीत छापला, पुढे ऱ्हीस डेव्हिड्सने इंग्रजीत आणला. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला गेलात तर शिवाजी पार्कच्या पुस्तकांच्या स्टॉलवर 'मिलिंद प्रश्न' हमखास दिसेल. माझी प्रत तिथलीच.

राजा वादात भल्याभल्यांना गप्प करणारा, अशी सुरुवात होते. नागसेनाशी वाद घालायचा म्हटल्यावर नागसेन अट घालतो : विद्वानासारखा बोलणार असशील तर बोलू, राजासारखा बोलणार असशील तर नाही. फरक काय, तर विद्वानांच्या वादात चूक दाखवली, मुद्दा उलटला, तरी कुणी चिडत नाही. राजे लोक एक मत मांडतात आणि ते न पटणाऱ्याला शिक्षा करतात. राजा कबूल होतो. आमच्या व्हायवाच्या आधी एक्स्टर्नलकडून असं कबूल करून घ्यायची सोय असती तर...

आणि खरा संवाद सुरू होतो तो, विश्वास ठेवा, नावावरून. राजा विचारतो, आपलं नाव काय? नागसेन सांगतो की लोक मला नागसेन म्हणतात, पण ते फक्त एक संबोधन आहे, व्यवहारापुरती खूण, त्या नावामागे वेगळा कुणी 'माणूस' सापडत नाही. (लालबागकराचं उत्तर आठवा : "नाव आहे, सर.") राजा खवळतो. मग हे केस नागसेन का? नखं? दात? रूप, वेदना, संज्ञा? सगळ्याला उत्तर, नाही. राजाला वाटतं, पकडला. मग नागसेन विचारतो, तू इथवर कसा आलास? रथाने. बरं, मग रथ दाखव. आस म्हणजे रथ का? चाकं? सांगाडा? जू? लगाम? राजालाही प्रत्येक वेळी नाहीच म्हणावं लागतं. हे सगळे भाग सुटे करून ठेवले तर ते रथ का? तेही नाही. या सगळ्यांच्या व्यतिरिक्त रथ नावाची काही चीज आहे का? नाही. शेवटी राजा स्वतःच म्हणतो की हे भाग जुळून आले की त्याला रथ म्हणायचं, ही म्हणण्याची रीत आहे. नागसेन म्हणतो, तसंच माझं.

मेकॅनिकलवाल्यांनो, असेंब्ली ड्रॉइंगमधल्या पार्ट लिस्टकडे पुन्हा एकदा बघा. लिस्टमध्ये सगळे पार्ट असतात, इंजिन नावाचा पार्ट नसतो. मला स्वतःला हा युक्तिवाद शंभर टक्के पटत नाही. पार्ट 'कसे' जोडलेत ही माहितीही खरी असते, ती कुठल्याच पार्टात नसते, पण म्हणून ती नुसती बोलण्याची रीत होत नाही. राजाने तिथे अजून थोडा वाद घालायला हवा होता. पण तो हरल्यावर चिडला नाही, उलट खूश झाला, हे मात्र ग्रंथात स्पष्ट आहे.

पुढे ग्रंथ सांगतो की राजा बौद्ध उपासक झाला आणि शेवटी राज्य मुलाला देऊन निघून गेला. ग्रीक लेखक प्लुटार्क वेगळं सांगतो, की मिनँडर लष्कराच्या छावणीत मेला, आणि त्याची रक्षा मिळावी म्हणून शहरं भांडली, मग ती वाटून घेऊन त्यांनी स्मारकं बांधली. बुद्धाच्या अस्थींची गोष्ट ज्यांना माहीत आहे त्यांना हे वाचून नवल वाटेल. दोन्ही गोष्टींत कुणाचं किती खरं यावर माझं मत असं, की छावणीतलं मरण जास्त शक्य वाटतं. राजे सहसा खुर्ची सोडत नाहीत.

हे पुस्तक मराठी घराघरांत नाव होऊन शिरलं ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांमुळे. दादरच्या हिंदू कॉलनीतलं त्यांचं घर 'राजगृह', मगधाच्या जुन्या राजधानीचं नाव. पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे १९४६ साली मुंबईत कॉलेज काढलं, त्याला नाव सिद्धार्थ. १९५० साली औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) दुसरं सुरू केलं, ते आज मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं जातं, आणि परिसर नागसेनवन. काय नेमकी वाटणी आहे बघा! कॉलेजला प्रश्न विचारणाऱ्याचं नाव, आणि ज्या जमिनीवर ते उभं आहे तिला उत्तर देणाऱ्याचं. मराठवाड्यातल्या ज्या मुलांच्या वाडवडिलांना प्रश्न विचारायचीच सोय नव्हती, त्यांच्यासाठी हे नाव निवडलं होतं.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धर्मांतरानंतर नावांची सगळी हवाच बदलली. त्याआधी आमच्यात मुलांची नावं कशी असायची? दगडू, धोंडू, कचरू. काही दृष्ट लागू नये म्हणून ठेवलेली, काही गावाने दुसरं ठेवूच दिलं नाही म्हणून. धर्मांतरानंतर एका पिढीत सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, नागसेन, मिलिंद, मुलींमध्ये सुजाता, यशोधरा, संघमित्रा. माझ्या पणजोबांचं नाव धोंडू होतं. आजोबांच्या शेजारच्या खोलीतला एक नातेवाईक औरंगाबादला मिलिंदमध्ये शिकून आला होता, आणि त्याने सांगितलेल्या कॉलेजच्या गोष्टी १६० चौरस फुटांच्या खोलीत रात्री ऐकल्या जायच्या. आजोबा चौथीपर्यंत शिकलेले. औरंगाबाद त्यांनी कधीच पाहिलं नाही. आजी म्हणते, "त्यांना राजाबिजा काही माहीत नव्हतं रे. मिलिंद म्हंजी कॉलेज, एवढंच." म्हणजे बाबांचं नाव ग्रीकही नाही आणि भुंगाही नाही, ते एका इमारतीवरून ठेवलेलं आहे.

एक गोष्ट मात्र या नावाची खास आहे. 'सिद्धार्थ' किंवा 'मिलिंद' म्हटलं की माणूस कुठला हे कळत नाही. बाकीच्या नावांवरून लोकांना अंदाज बांधता येतो, इथे गिरगावातलं संस्कृत घर आणि नायगावची बीडीडी चाळ एकाच शब्दावर भेटतात. क्रिकेटमधले मिलिंद रेगे, 'शाळा' लिहिणारे मिलिंद बोकील, गाणारे मिलिंद शिंदे. त्यामुळे ज्याला अंदाज हवाच असतो त्याची पंचाईत होते. मागच्या वर्षी आम्ही तिघं एका ठिकाणी इंटर्नशिपसाठी गेलो होतो. मुलाखत घेणाऱ्या गृहस्थांनी तिघांची मधली नावं वाचून गंमत केली, मग मला विचारलं, "पण तुमचा मिलिंद कुठला?" आडनाव फॉर्मवर लिहिलेलं होतं. मी म्हणालो, "सियालकोटचा." ते हसले नाहीत. गिरगावकर हसला, आणि बाहेर आल्यावर बराच वेळ काही बोलला नाही. त्याला हा प्रश्न कधी विचारला गेला नव्हता हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं.

लालबागकराच्या बाबांचं नाव कसं पडलं ते राहिलंच. त्यांच्या चाळीत वरच्या मजल्यावर एक मिलिंद आधीच होता, तो चौथीच्या स्कॉलरशिपला बसला आणि पास झाला. त्या आठवड्यात जन्मलेल्या दोन मुलांची नावं मिलिंद ठेवली गेली. बारशाला अर्थ कुणी विचारला नाही. मला वाटतं, जगातली बहुतेक नावं अशीच पडत असावीत आणि व्युत्पत्ती शोधणारे माझ्यासारखे लोक मागाहून येत असावेत.

नागसेनाने राजाला आणखी एक दाखला दिलाय तो दुधाचा. दुधाचं दही, दह्याचं नवनीत, नवनीताचं तूप. तूप म्हणजे दूध का? नाही. मग दुधाहून वेगळं का? तसंही नाही, दूध नसतं तर ते झालंच नसतं. हे त्याने पुनर्जन्माबद्दल सांगितलंय. पण मेनान्द्रोस, मेनंद्र, मिलिंद ही साखळी समोर ठेवून वाचा, चपखल बसतं. आणि त्या 'नवनीता'चंही पुढे 'लोणी' झालं, ते वर आलंच आहे.

सरकारी व्यवहारात मात्र नागसेनाचं चालत नाही. बाबांच्या शाळेच्या दाखल्यावर इंग्रजीत एक 'एल' आहे, रेशनकार्डावर दोन 'एल', आणि माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटवर शेवटी एक जादा 'ए' लागून ते श्रीलंकेचे झालेत. शिष्यवृत्तीचा अर्ज एका कार्यालयातून दोनदा परत आला, शेरा एकच : वडिलांचे नाव जुळत नाही. खिडकीवरच्या बाईंना मी सांगायचा प्रयत्न केला की हे नाव बावीसशे वर्षं असंच बदलत आलंय. त्यांनी मला प्रतिज्ञापत्राचा नमुना दिला. नाव अधिकृतपणे बदलायचं तर ते राज्य शासनाच्या राजपत्रात छापून यावं लागतं. हे राजपत्र काढणारं शासकीय मुद्रण आणि लेखनसामग्री संचालनालय चर्नी रोडला, नेताजी सुभाष मार्गावर आहे, म्हणजे गिरगावकराच्या घरापासून चालत जाण्याइतकं. अर्ज आता ऑनलाइन भरता येतो, तरी आम्ही दोघं एकदा ती इमारत बाहेरून बघून आलो. मेनंद्रचा मिलिंद व्हायला राजपत्र लागलं नाही. बाबांचा एक 'एल' कमी करायला फोटो, पुरावे, फी आणि काही आठवडे लागले. छापून आलं तेव्हा जुनं नाव आणि नवीन नाव एका ओळीत होती, आणि मोठ्याने वाचली तर दोन्हींचा उच्चार एकच होता. बाबांनी त्या पानाच्या दहा झेरॉक्स काढून ठेवल्यात. शिष्यवृत्तीचा दुसरा हप्ता अजून यायचाय.